फरशी पुसण्याचा सल्ला आणि थकव्याचे विज्ञान

भारतात गरोदर स्त्रीला दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला असा : "खाली बसून फरशी पूस, केर काढ, हातपाय हलते ठेव; बाळंतपण सुखाचे होईल." दुसरा असा : "जिना चढू नकोस, वाकू नकोस, पडून राहा, बाळाला जप." दोन्ही सल्ले देणाऱ्यांच्या स्वरात सारखाच आत्मविश्वास असतो. गंमत म्हणजे हे सल्ले वाटले जातात ते गरजेच्या नेमक्या उलट क्रमाने. जिच्या डोक्यावर हंडा आहे, जी भाताच्या खाचरात दिवसभर वाकलेली आहे, जी चार घरची धुणीभांडी आटोपून पाचव्या, म्हणजे स्वतःच्या घरी येते, तिला हालचालीचे माहात्म्य ऐकवले जाते. जी दहा तास खुर्चीत बसून संगणकासमोर काम करते, तिला विश्रांतीचे. आणि दोघींपैकी कोणीही "फार थकायला होते" असे म्हटले, की दोघींना एकच उत्तर मिळते : "या दिवसांत असे व्हायचेच."

हा लेख या तिसऱ्या वाक्याविरुद्ध आहे. ते वाक्य पूर्णपणे खोटे असते तर एवढे नुकसान झाले नसते. ते अर्धे खरे आहे, म्हणून चौकशी तिथेच थांबते.

आधी त्यातले खरे काय ते पाहू. मे २०२४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाच्या संशोधकांनी प्राण्यांच्या प्रजननाला लागणाऱ्या ऊर्जेचा हिशेब प्रसिद्ध केला. त्यानुसार एका मानवी गर्भारपणाला सुमारे ५०,००० किलोकॅलरी ऊर्जा लागते. त्यांपैकी जेमतेम ४ टक्के ऊर्जा बाळाच्या शरीरात साठते. उरलेली ९६ टक्के ऊर्जा ते बाळ वाढवण्यासाठी आईच्या शरीराचा जो कारभार वाढलेला असतो, तो चालवण्यात खर्च होते. बातमी देशभरातल्या वाचकांपर्यंत पोहोचली, दोन दिवस आश्चर्य व्यक्त झाले आणि विषय मागे पडला. तो आकडा विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी स्वतः एकदा वॉटमध्ये मांडून पाहायला हवा होता. ५०,००० किलोकॅलरी म्हणजे सुमारे २१ कोटी जूल. २८० दिवस म्हणजे सुमारे २ कोटी ४२ लाख सेकंद. भागाकार केला की उत्तर येते सुमारे ८.६ वॉट. भारतातील लाखो घरांत लागलेला ९ वॉटचा एलईडी दिवा साधारण एवढीच शक्ती घेतो. गर्भारपण म्हणजे असा एक दिवा नऊ महिने रात्रंदिवस जळत ठेवणे, आणि त्याला बटण नाही.

दिवा लहान वाटेल, पण तो कुठे जोडला आहे तेही पाहिले पाहिजे. बेताच्या बांध्याच्या स्त्रीचे शरीर पूर्ण विश्रांतीत असताना साठेक वॉट शक्ती वापरते. त्याच्या सातवा हिस्सा भार सरासरीने सतत वाढतो, आणि ही सरासरीही फसवी आहे, कारण खर्चाचा मोठा वाटा शेवटच्या तिमाहीत एकवटलेला असतो. २०१९ मध्ये 'सायन्स अॅडव्हान्सेस'मधील एका शोधनिबंधाने मानवी सहनशक्तीची कमाल मर्यादा तपासली. अमेरिका पळत ओलांडणारे धावपटू, दीर्घ सायकलशर्यतींतील स्वार, ध्रुवप्रदेशातील पदयात्री यांच्या ऊर्जावापराचे आकडे एका आलेखावर मांडले, तेव्हा दिसले की दीर्घकाळ टिकवता येणारा खर्च मूळ चयापचयाच्या अडीच पटीच्या आसपास येऊन स्थिरावतो. त्याच आलेखावर गर्भारपण सुमारे २.२ पटीवर होते. धावपटूच्या थकव्याला पदक मिळते. गर्भवतीच्या थकव्याला "आमच्या वेळी असली थेरं नव्हती" हे उत्तर मिळते.

येथे जाणकार वाचक एक रास्त शंका काढील. ऊर्जेचा खर्च जर शेवटी वाढतो, तर बहुतेक स्त्रियांना सर्वाधिक गळून गेल्यासारखे पहिल्या तीन महिन्यांत का वाटते? तेव्हा गर्भ तर अगदी लहान असतो. उत्तर असे की गर्भ लहान असला तरी आईच्या शरीराची पुनर्रचना तेव्हाच सुरू होते. पाचव्या-सहाव्या आठवड्यापासूनच रक्तवाहिन्या सैलावतात आणि हृदय दर मिनिटाला अधिक रक्त ढकलू लागते; पुढे ही वाढ ३० ते ५० टक्क्यांपर्यंत जाते. प्रोजेस्टेरॉनची पातळी चढते. हे संप्रेरक व त्यापासून तयार होणारे पदार्थ मेंदूवर गुंगी आणणारा परिणाम करतात. श्वास खोल होतो, रक्तातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण उतरते, आणि बसल्या जागी धाप लागल्यासारखे वाटते. यात मळमळ आणि अपुरे अन्न यांची भर. म्हणजे पोट दिसू लागण्याच्या कितीतरी आधी यंत्रणेवर भार आलेला असतो. बाहेरून मात्र काहीच दिसत नाही.

समाज जे दिसते त्यालाच मान देतो. महाराष्ट्रातले डोहाळजेवण, उत्तरेतली गोदभराई, बंगालमधले 'साध', तमिळनाडूतले 'वळैकाप्पु' हे सारे कौतुकसोहळे बहुधा सातव्या महिन्याच्या आसपास येतात. कायदाही त्याच पंगतीत बसतो. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने एक चांगली गोष्ट लिहून ठेवली : गरोदर स्त्रीने विनंती केल्यास तिला कष्टाचे किंवा तासन्‌तास उभे राहण्याचे काम देता येणार नाही. पण केव्हा? अपेक्षित प्रसूतीपूर्वीच्या सहा आठवड्यांच्याही आधीचा एक महिना, आणि त्या सहा आठवड्यांत ती रजेवर नसेल तर तो काळ. म्हणजे ढोबळमानाने तिसाव्या आठवड्यापासून पुढे. दुसऱ्या महिन्यात चक्कर येत असताना कापडाच्या दुकानात आठ तास उभ्या राहणाऱ्या मुलीला या कलमाचा उपयोग नाही. शिवाय मागणी करायची तर बातमी सांगावी लागते, आणि पहिले तीन महिने बातमी फोडू नये असा घरचा दंडक असतो. थकव्याचा पहिला शिखरकाळ असा कायद्याच्या आणि रूढीच्या मधल्या फटीत हरवून जातो.

प्रयोगशाळाही याला अपवाद नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांनी पीएच.डी. करणाऱ्या स्त्रियांना एकूण २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा दिली, आणि ते स्वागतार्हच होते. परंतु रजा हा कामाला न येण्याचा हक्क आहे. कामावर असताना स्टूल मागण्याचा, दुपारी वीस मिनिटे आडवे होण्याचा, रात्रीच्या मोजणीची पाळी बदलून घेण्याचा हक्क हा वेगळा विषय आहे, आणि तो बहुतेक ठिकाणी मार्गदर्शकाच्या स्वभावावर सोडलेला आहे. शोधविद्यार्थिनीचा थकवा "हिचे लक्ष उडाले" अशा शब्दांत नोंदला जातो. उपकरणाचे तापमान अर्ध्या अंशाने वाढले तर कारण शोधणारी माणसे शेजारी बसलेल्या सहकाऱ्याच्या बाबतीत कारण न शोधता निष्कर्ष काढतात.

आता त्या वाक्याचा खोटा अर्धा भाग. "या दिवसांत असे व्हायचेच" हे विधान निरोगी शरीराविषयी आहे. ते ज्या देशात उच्चारले जाते तिथली परिस्थिती काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, १५ ते ४९ वयोगटातील ५२.२ टक्के गर्भवतींमध्ये रक्तक्षय आढळला. चौथ्या फेरीत हा आकडा ५० टक्क्यांच्या किंचित वर होता. म्हणजे पाच वर्षांत सुधारणा शून्य. महाराष्ट्र देशाच्या सरासरीपेक्षा बरा, पण तिथेही ४५.७ टक्के. जिथे दर दोन गर्भवतींपैकी एकीच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी असण्याची शक्यता आहे, तिथे थकव्याला 'नैसर्गिक' ठरवून मोकळे होणे म्हणजे तपासणी न करताच अहवाल देणे.

रक्ताचा हिशेबही समजून घेण्यासारखा आहे. गर्भारपणात रक्तातील द्रव ४० ते ५० टक्क्यांनी वाढतो, तांबड्या पेशी मात्र २० ते ३० टक्क्यांनीच वाढतात. रक्त पातळ होते आणि हिमोग्लोबिनचा आकडा थोडा उतरतो. हे अपेक्षितच आहे. म्हणूनच एरवी दर डेसिलिटरला १२ ग्रॅम असलेली सीमा गरोदरपणी ११ ग्रॅमवर आणलेली आहे, आणि दुसऱ्या तिमाहीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने अलीकडे ती १०.५ केली. पण त्या सीमेखाली जे घडते ते सौम्य पातळपणाच्या नावावर खपवता येत नाही. संपूर्ण गर्भारपणाला सुमारे एक ग्रॅम जादा लोह लागते. एक ग्रॅम म्हणजे छोटासा खिळा. परंतु धान्य-कडधान्यांवर आधारलेल्या जेवणातील लोहाचा फार लहान हिस्सा आतड्यातून रक्तात जातो, आणि बहुसंख्य भारतीय मुली गर्भारपणात प्रवेश करतात त्याच मुळी रिकाम्या कोठाराने. निरोगी थकवा आणि रक्तक्षयाचा थकवा यांची लक्षणे बाहेरून सारखीच दिसतात. दोघींना धाप लागते, दोघींची छाती धडधडते, दोघी दुपारी मान टाकतात. त्यांच्यातला फरक सासूच्या अनुभवाने कळत नाही, आईच्या मायेने कळत नाही आणि डॉक्टरच्या नुसत्या नजरेनेही खात्रीने कळत नाही. तो मोजावा लागतो.

या आकड्यांवर एक आक्षेप आहे, आणि तो शास्त्रीय आहे. सर्वेक्षणात बोटाच्या टोकातून घेतलेला रक्ताचा थेंब तपासला जातो. शिरेतून घेतलेल्या रक्ताच्या तुलनेत त्यात चूक अधिक होते आणि रक्तक्षयाचे प्रमाण फुगू शकते, असे काही भारतीय वैद्यकशास्त्रज्ञ सांगत आले आहेत. सहाव्या फेरीतून रक्तक्षयाची मोजणी वगळून ती आहार व जैवसूचकांच्या वेगळ्या सर्वेक्षणाकडे सोपवण्यात आली. मोजमाप सुधारण्याला कोणाचाच विरोध असू नये. पण देशाच्या टक्केवारीतील चूक आणि एका स्त्रीच्या तपासणीतील हयगय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राष्ट्रीय आकडा ५२ चा ४० झाला, तरी समोर बसलेल्या गर्भवतीचा आकडा काय, हा प्रश्न तितकाच तातडीचा राहतो. टक्केवारीचा वाद तिच्या तपासणीला पर्याय होऊ शकत नाही.

उपाय अज्ञात आहे म्हणावे, तर तसेही नाही. 'अॅनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमानुसार गर्भवतीला रोज ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असलेली गोळी १८० दिवस घ्यायची असते. पाचव्या फेरीच्या नोंदीनुसार ती पूर्ण १८० दिवस घेणाऱ्या माता २६ टक्के. बाकीच्या तिघींना 'अडाणी' म्हणणे सोपे आहे. गोळीने मळमळते, शौचाला काळी व घट्ट होते, हे आधी सांगितलेले नसते. जेवणावर लगेच चहा प्यायल्यास लोह शोषले जात नाही, लिंबू-आवळ्याने शोषण वाढते, कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घेऊ नये, हे पाच मिनिटांचे बोलणे ज्या बाह्यरुग्ण विभागात होत नाही तिथे गोळ्यांची पाकिटे उशीखाली साठतात.

थकव्याला तक्रार न मानता पुरावा मानले तर काय होते, याचे उदाहरण मुंबईतच घडलेले आहे. १९२८ साली ल्युसी विल्स ही इंग्रज संशोधक मुंबईत आली. गिरण्यांच्या या शहरात गरीब, कष्टकरी गर्भवतींमध्ये एक तीव्र रक्तक्षय दिसत होता. जंतुसंसर्गाचा संशय होता. परळच्या हाफकिन संस्थेतून काम करताना तिने तो संशय तपासून बाजूला सारला आणि या बायका काय खातात याकडे लक्ष वळवले. यीस्टपासून बनवलेल्या 'मार्माइट' या स्वस्त पदार्थाने रुग्ण सुधारतात हे तिने दाखवले आणि १९३१ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्या पदार्थातील अज्ञात घटकाला पुढे 'विल्स घटक' म्हटले गेले, तोच फोलेट. आज जगभर गर्भवतींना जी फॉलिक आम्लाची गोळी मिळते, तिचे मूळ मुंबईच्या गरीब बायकांच्या त्या थकव्यात आहे, ज्याला कोणीतरी "व्हायचेच" म्हणायला नकार दिला.

त्याच १९२८ साली त्याच शहरात मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर कारखान्यांतील स्त्रियांना प्रसूतीकाळात सवेतन विश्रांती मिळावी या विधेयकाच्या बाजूने उभे राहिले, आणि १९२९ मध्ये मुंबई प्रांताने तसा कायदा केला. रक्त तपासणे आणि विश्रांतीचा हक्क देणे या दोन्ही गोष्टी एका वेळी लागतात, हे जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी मुंबईला उमगलेले होते.

आता हालचालीचा प्रश्न. येथे विज्ञानाने आपले मत बदलले आहे, आणि ते कबूल करण्यात त्याला कमीपणा वाटलेला नाही. १९८५ मध्ये अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या महाविद्यालयाने गर्भवतीच्या नाडीला मिनिटाला १४० ठोक्यांची मर्यादा घातली होती. पुरावा जमत गेला तसा तो नियम १९९४ मध्ये काढून टाकला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार, वैद्यकीय अडचण नसलेल्या गर्भवतीने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम हालचाल करावी. अशा हालचालीने गर्भारपणातील मधुमेह, वाढता रक्तदाब आणि अवाजवी वजनवाढ यांचा धोका कमी होतो. गर्भपाताचा किंवा अकाली प्रसूतीचा धोका वाढतो असे आढळलेले नाही. उलट सरसकट 'बेड रेस्ट' देण्याने अकाली प्रसूती टळते याला पुरावा नाही. स्नायू मात्र झिजतात आणि पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती वाढते.

थकलेल्या शरीराला चालायला सांगणे विसंगत वाटते, पण त्यामागचे कारण साधे आहे. पोटरीचे स्नायू आकुंचन पावतात तेव्हा पायात साठलेले रक्त हृदयाकडे परत ढकलले जाते. काम करणारे स्नायू रक्तातील साखर वापरतात. आणि दिवसा चाललेल्या शरीराला रात्री झोप बरी लागते. १५० मिनिटे एका बैठकीत करायची नसतात. दहा-दहा मिनिटांचे तुकडेही चालतात. मोजपट्टी घड्याळाची नको, बोलण्याची हवी : चालता चालता गप्पा मारता आल्या पाहिजेत; वाक्य तुटू लागले की वेग जास्त झाला. ज्या दिवशी अंगात बळ नाही त्या दिवशी पाच मिनिटे पुरतात, आणि तीही नकोशी झाली तर तो गुन्हा नव्हे. रक्तस्राव, पाणी जाणे, तीव्र डोकेदुखी, छातीत दुखणे, गरगरणे, विश्रांतीतही धाप लागणे, एकाच पोटरीत वेदना व सूज, नियमित कळा यांपैकी काहीही झाले तर थांबून लगेच डॉक्टर गाठायचा. वार खाली असणे, गर्भाशयाचे तोंड सैल असणे, गर्भारपणातील तीव्र रक्तदाब आणि तीव्र रक्तक्षय असताना व्यायामाचा निर्णय डॉक्टरांचाच. या यादीतला शेवटचा शब्द पुन्हा वाचावा. ज्या देशात रक्तक्षय एवढा पसरलेला आहे, तिथे हिमोग्लोबिन न पाहता दिलेला चालण्याचा सल्लाही अर्धवटच असतो.

आणि इथेच तो फरशीचा सल्ला उभा राहतो. "घरकाम हाच व्यायाम." हे वाक्य ऐकायला काटकसरी आहे, त्यात बायकोचे आरोग्य आणि स्वच्छ घर दोन्ही एका खर्चात मिळतात. पण व्यायाम आणि श्रम यांत तीन फरक आहेत. व्यायाम नकोसा झाला की थांबवता येतो. व्यायामानंतर विश्रांती असते. आणि व्यायाम करणारा माणूस सहसा पोटभर जेवलेला असतो. पाण्याचा हंडा मध्येच ठेवून देता येत नाही, धुण्यानंतर स्वयंपाक असतो, आणि स्वयंपाक करणारी शेवटी जेवते. राष्ट्रीय पातळीवरील २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणात घरातील बिनमोल कामात भाग घेणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यावर घालवत होत्या. भाग घेणारे पुरुष ९७ मिनिटे. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे २८९ आणि ८८ झाले. स्त्रियांची दहा मिनिटे कमी झाली, पुरुषांचीही नऊ कमी झाली. दरी जवळजवळ जिथे होती तिथेच आहे. रोज जवळपास पाच तास ज्या कामात जातात, त्यात आणखी 'हालचाल' घालणे हा आरोग्यसल्ला नव्हे.

हे नुसते मत नाही. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत नव्वदच्या दशकात सुरू झालेल्या पुणे मातृपोषण अभ्यासाने गर्भवतींच्या शेतातल्या आणि घरातल्या कामांची बारकाईने नोंद ठेवली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले की ज्या मातांवर कामाचा भार अधिक होता त्यांचे गर्भारपणातील वजन कमी वाढले आणि त्यांच्या बाळांच्या डोक्याचा व दंडाचा घेर तुलनेने लहान भरला. या बायका आळशी नव्हत्या; त्यांच्या बाळांना आईच्या श्रमांची किंमत मोजावी लागत होती. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार गर्भवतीला रोज ३५० किलोकॅलरी जादा हव्यात, शेवटच्या तिमाहीत २२ ग्रॅम प्रथिने जादा हवीत. हे जादा अन्न ताटात आले नाही आणि काम मात्र कमी झाले नाही, तर फरक कुठून तरी भरून काढावा लागतो. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम सासर-माहेर पाहत नाही.

राहिला 'नॉर्मल डिलिव्हरी'चा दावा. उकिडवे बसून फरशी पुसल्याने शस्त्रक्रिया टळते, याला आधार म्हणता येईल असा पुरावा नाही. पाचव्या फेरीनुसार देशातील सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्या, खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के. खासगीत जाणाऱ्या स्त्रिया वेगळ्या असतात, सुखवस्तू असतात, वयाने थोड्या मोठ्या असतात, हे सारे मान्य केले तरी तिपटीहून मोठा हा फरक फरशीच्या खात्यावर टाकता येणार नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर रुग्णालयाच्या अर्थशास्त्रात आणि प्रसूतिकक्षातील व्यवस्थेत शोधायला हवे, तो प्रश्न गर्भवतीच्या गुडघ्यांवर ढकलण्याची ही युक्ती आहे. शस्त्रक्रिया झाली की दोषही तिचाच : पुरेशी वाकली नाही.

"आमच्या आज्या बांधावर बाळंत झाल्या" हा शेवटचा युक्तिवाद. ज्या आज्या ही गोष्ट सांगायला उरल्या, त्याच ही गोष्ट सांगतात. न उरलेल्यांची बाजू मांडायला कोणी नसते. २००४-०६ मध्ये भारतात दर लाख जिवंत जन्मांमागे २५४ माता दगावत होत्या. २०१८-२० मध्ये ९७. हे अंतर रुग्णालयातील प्रसूतीने, रक्तपेढ्यांनी, गोळ्यांनी आणि दारोदार फिरणाऱ्या आशा कार्यकर्त्यांनी कापले. आजीच्या काटकपणाचा आदर जरूर करावा. तिच्या मैत्रिणींच्या मृत्यूंना आरोग्यधोरण म्हणू नये.

मग मागणे काय? ते फार मोठे नाही. थकव्याची तक्रार आली की पहिले उत्तर हिमोग्लोबिनची तपासणी हे असावे. ते ठीक असेल तर थायरॉइड आणि रक्तातील साखर पाहावी, झोप आणि मन यांची चौकशी करावी. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गर्भवतींची मोफत तपासणी २०१६ पासून ठरलेली आहे. तिथे घरच्या पुरुषाने सोबत जावे आणि आकडा स्वतः लिहून घ्यावा. कष्टाच्या कामातून सूट तिसाव्या आठवड्याची वाट न पाहता पहिल्या तपासणीपासून मिळावी. दुकानात, शाळेत, प्रयोगशाळेत खुर्ची असावी आणि ती मागण्यासाठी कारण सांगावे लागू नये. बसून काम करणारीला रोज चालण्याची वीस मिनिटे मिळावीत. राबणारीला तेवढीच बसण्याची. आणि विज्ञानवार्ता लिहिणाऱ्यांनी "गर्भवतींनी व्यायाम करावा" असा मथळा देण्यापूर्वी, ती गर्भवती आज आधीच किती चालून आली आहे, हा एक प्रश्न विचारावा.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी यात एक जुनाच धडा आहे. मोजणीत काही अनपेक्षित आले तर ते 'नेहमीचेच' म्हणून पुसून टाकायचे नसते. आधी ते कशामुळे आले ते शोधायचे असते. मुंबईत १९२८ साली आलेल्या एका बाईने ते शोधले आणि जगाला एक जीवनसत्त्व मिळाले. आज तेवढी मोठी बुद्धी लागत नाही. एक सुई, एक थेंब आणि समोरच्या बाईचे बोलणे संपेपर्यंत गप्प बसण्याची तयारी, एवढे पुरते. फरशी तोवर दुसऱ्या कोणी पुसली तरी ती तितकीच स्वच्छ होते.